सोसायटीच्या गणपतीत नाटकासाठी वाड्याच्या चौकाचा पडदा हवाय : फ्लेक्स छापू की रंगवून घेऊ? डिझाइन कसं करायचं?

रंगवा. फ्लेक्स स्वस्त पडेल, एका दिवसात मिळेल, पण त्याला चकाकी असते, समोरून लाइट पडला की मधोमध पांढरा डाग दिसतो आणि लोक नाटक सोडून तो डाग बघत बसतात. मी पुण्यातल्या हौशी ग्रुपांची नेपथ्यं बरीच वर्षं करतोय, त्यावरून सांगतो.

ब्रश हातात घ्यायच्या आधी एक ठरवा : नट ज्याला हात लावणार, टेकणार, ज्यातून आत-बाहेर करणार ते पडद्यावर रंगवायचं नाही. तुळशी वृंदावन, ओसरीची पायरी, दार हे खरं करा, पुठ्ठा-प्लायचं का होईना. लांबचं तेवढं पडद्यावर. रंगवलेल्या दाराशेजारी नट उभा राहिला की एकतर दार खेळण्यातलं वाटतं नाहीतर नट राक्षस वाटतो. क्षितिजाची रेषा स्टेजपासून साधारण पाच फुटांवर, म्हणजे उभ्या नटाच्या डोळ्यांच्या आसपास ठेवा, मग मागची कमान आणि खांब त्याच्याशी जुळतात. नट आणि पडद्यात पाचेक फूट अंतर सोडा, नाहीतर सावल्या पडद्यावर नाचतात आणि तुमचं लांबचं आभाळ म्हणजे एक कापड आहे हे सगळ्यांना कळतं.

जुन्या संगीत नाटकांच्या कंपन्या रस्ता, राजवाडा, जंगल असे ठरलेले पडदे घेऊन गावोगाव फिरायच्या आणि तेच नाटकागणिक वापरायच्या. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी असे पडदे रंगवले, बाबूराव पुढे सिनेमात गेले. त्या कामाचे फोटो बघून लोक इतके भारावतात की प्रत्येक कौल रंगवायला बसतात. तुम्हाला ते करायचं नाहीये. तेव्हा पडदा बघायलाही लोक यायचे, तुमच्याकडे बक्षीस समारंभानंतर नाटक आहे आणि लहान मुलं समोर पळतायत.

रेफरन्स नेटवरून उचलू नका, विश्रामबागवाड्यात जाऊन या. १८०७ चा वाडा आहे, दर्शनी भागाचं लाकडी कोरीवकाम अजून बघायला मिळतं, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि त्यातले खांब, महिरप आणि पायऱ्या एवढंच घ्या. बाकी रंगाच्या दोन-तीन छटांत मोठे आकार टाकून सोडून द्या. नटाच्या चेहऱ्यामागे, म्हणजे चार ते सहा फुटांच्या पट्ट्यात, बारीक नक्षी आणि भडक कॉन्ट्रास्ट अजिबात नको. चित्राचा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून बघा, त्यात खांब भिंतीपासून वेगळा दिसत नसेल तर शेवटच्या रांगेतूनही दिसणार नाही, रंग कितीही सुंदर असला तरी.

कापड मांजरपाट, रविवार पेठेत कापडगंजात बघा. मापापेक्षा थोडं जास्त घ्या कारण पहिला हात दिला की ते आकसतं. पट्टे आडवे जोडायला सांगा, उभे नको, कापडाच्या वजनानं आडवे जोड ताणून सपाट राहतात. खालच्या काठाला नेफा शिवून घ्या आणि त्यात पाइप घाला म्हणजे वाऱ्यावर फुगणार नाही. आधी पातळ केलेल्या पांढऱ्या इमल्शनचा हात, वाळला की कागदावरच्या चित्रावर चौकोन आखून तेच चौकोन मोठे करून कापडावर उतरवायचे. सरळ रेषांसाठी खडू लावलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मधून फटकारायचा. रंग पातळच ठेवा, जाड थर गुंडाळताना तडकतो. आणि मॅट, म्हणजे बिनचकाकीचा! एनॅमल कोणी कितीही ‘टिकाऊ आहे हो’ म्हणून आणलं तरी परत पाठवा.

गणपतीच्या दिवसांत पुण्यात हवा दमट, रंग वाळता वाळत नाही, त्यामुळे ‘चार दिवसांत करू’ म्हणणारा सेक्रेटरी असेल तर त्याला पार्किंगमध्ये उभा करून ओला पडदा दाखवा. जमिनीवर रंगवणार असाल तर खाली प्लॅस्टिक हवंच, रंग आरपार जातो, आणि ब्रशला काठी बांधा, वाकून वाकून कंबर जाते.

लाइटवाल्याला आधीच गाठा. रंगवलेल्या कापडाचा तुकडा त्याच्याच लाइटखाली धरून बघा. हिरवी तुळस लाल एलईडीत जवळजवळ काळी होते, निळं आभाळ पिवळ्या लाइटमध्ये मळकट दिसतं. चित्रातली सावली डावीकडे आणि लाइटही डावीकडूनच, असं झालं की कुठेतरी चुकतंय हे लोकांना जाणवतं, काय ते सांगता येत नाही. आणि पडद्यावर वेगळा हलका लाइट मागा, नटांवरचाच सांडलेला उजेड पुरवून घेऊ नका.

टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून कोऱ्या कापडाला आधी पाजून घ्या, त्यानं कापड सहजी पेट घेत नाही. तुकडा कापून मोकळ्यावर जाळून खात्री करा मगच रंगवायला घ्या. हॅलोजन तरीही लांबच. नाटक संपल्यावर घडी घालू नका, पाइपवर गुंडाळून ठेवा, घडीच्या रेषा इस्त्रीनंही जात नाहीत.