तीन पानं त्याची, अर्धी ओळ तिची

पत्र (थोडं छोटं करून देतेय):
मावशी, मी त्रिमूर्ती नगरला राहते. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. डायरीत रोज लाल पेनने काही ना काही लिहून येतं, जागेवर बसत नाही, टीचर बोलत असताना मधेच उत्तर देतो, परवा लग्नात लॉनवर मांडवाच्या खांबावर चढून बसला. धंतोलीच्या डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं, फाइलवर 'कम्बाइन्ड' लिहिलंय. दोन्ही प्रकार एकत्र म्हणजे जास्त सीरियस ना? सासूबाई म्हणतात लाडाने बिघडवला, मिस्टर म्हणतात मी पण असाच होतो, होईल नीट. मोठी मुलगी १४ ची, तिचा काही त्रास नाही, लहानपणापासूनच ट्यूबलाइट आहे आमची पण गरीब आहे बिचारी, रात्री बारा-बारापर्यंत अभ्यास करत बसते. मी पार थकून गेली. काय करू?
— थकलेली आई

अगं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे तुझा जीव तिथे अडकून राहणार नाही. एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, लक्ष न टिकण्याचा आणि चुळबूळ-उतावळेपणाचा त्रास. त्यात कम्बाइन्ड म्हणजे जास्त सीरियस नाही. लक्ष न टिकण्याची ९ लक्षणं धरतात, चुळबूळ आणि उतावळेपणाची ९, आणि लहान मुलांत एका गटातली निदान ६ लक्षणं सहा महिने, तीही घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसली आणि त्यामुळे पोराचं रोजचं काम अडत असेल तर डॉक्टर एडीएचडी म्हणतात. दोन्ही गटांत ६-६ भरली की कम्बाइन्ड. सौम्य आहे की मध्यम की तीव्र ते वेगळं लिहितात, ते पुढच्या वेळी विचारून घे. आणि सासूबाईंना सांग की लाडाने एडीएचडी होत नाही, ते बरंचसं रक्तातून येतं, मिस्टर 'मी पण असाच होतो' म्हणतात ना, तेही डॉक्टरांच्या कानावर घाल.

झालं. तुझ्या पोट्ट्याची मला फार काळजी नाही. त्रास आहे, मान्य, पण त्याचं निदान झालंय, डॉक्टर आहेत, शाळेला माहीत आहे, सगळं घर त्याच्यामागे पळून राहिलंय. मला झोप येऊ देत नाहीये ती तुझी मोठी.

तीन पानांच्या पत्रात तिला अर्धी ओळ दिलीस आणि त्या अर्ध्या ओळीत तीन गोष्टी लिहून गेलीस ज्या तुझ्या स्वतःच्याच लक्षात आल्या नाहीत. लहानपणापासूनच. ट्यूबलाइट. रात्री बारा-बारापर्यंत.

बारापर्यंत काहून बसते गं ती? नववीचा अभ्यास आहे, कबूल, पण कधी शेजारी बसून बघितलंस का एका धड्याला तिला किती वेळ लागतो? वाचते, चौथ्या ओळीवर मन कुठेतरी निघून जातं, भानावर येते, परत पहिल्या ओळीपासून. मैत्रीण तासाभरात जे उरकते त्याला हिचे तीन तास जातात, मग पेपरात मागच्या पानावरचा प्रश्न दिसलाच नाही म्हणून सुटतो, बेरजेत वजाबाकी करते, आणि घरी येऊन कोणाला काही सांगत नाही कारण तिला वाटतं आपणच मठ्ठ. तुम्हीच तर नाव ठेवलंय तसं. हे सगळं तुझ्या पत्रात नाही, माहीत आहे, मी अंदाज करतेय, पण यातलं काही ओळखीचं वाटलं ना तुला वाचताना? खरं सांग.

एडीएचडीचा एक प्रकार असा असतो ज्यात पोर अजिबात उड्या मारत नाही. नावात 'हायपर' आहे ना, तिथेच सगळ्यांची फसगत होते. नुसतं लक्षच टिकत नाही, वस्तू हरवतात, सांगितलेलं अर्ध्यात विसरतं, समोर उभं राहून बोललं तरी ऐकतच नाहीये असं वाटतं, लांबलचक लिहायचं काम टाळतात. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचार डॉक्टरांच्या मॅन्युअलमध्ये हे पहिल्यांदा स्पष्ट आलं की धावपळ नसतानाही हा त्रास असू शकतो. तरी अजून वर्गात कोण दिसतो? बाक वाजवणारा मुलगा. खिडकीशी बसून गप्प राहणारी पोरगी कोणाला त्रास देत नाही म्हणून तिची डायरी कोरी येते, आणि मुलींचं निदान बरेचदा खूप उशिरा होतं, काहींचं तर स्वतःच्या पोराला डॉक्टरकडे घेऊन गेल्यावर. 'तिचा काही त्रास नाही' हे तू लिहिलंस ना, त्याचा अर्थ एवढाच की तुला तिचा त्रास नाही. तिला आहे की नाही हे कोणी विचारलंय?

आता तू म्हणशील, मावशी, चित्र काढायला नाहीतर मोबाइलवर बसली की दोन-दोन तास हलत नाही, मनात आणलं तर जमतं तिला. हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलंय! लक्ष नसतंच असं नसतं गं, लक्षाचं स्टिअरिंग हातात नसतं. आवडीच्या गोष्टीला ते घट्ट चिकटतं आणि भूगोलाच्या धड्यावर आणू म्हटलं तर येत नाही. आळस असता तर पोरगी बारा वाजेपर्यंत कशाला बसली असती, दहालाच झोपली असती.

हे प्रकार म्हणजे कायमचे शिक्के पण नाहीत हो. २०१३ पासून त्या मॅन्युअलमध्ये प्रकाराऐवजी 'सध्या दिसणारं रूप' अशा अर्थाचा शब्द वापरतात, कारण वयाप्रमाणे ते बदलतं. तुझा मुलगा १६-१७ चा होईल तेव्हा खांबावर चढणं बहुतेक थांबलेलं असेल, आतली अस्वस्थता आणि विसरभोळेपणा मात्र उरू शकतो, तेव्हा 'चला, सुटला' म्हणून डॉक्टर बंद करू नकोस.

मी इथे बसून तिला एडीएचडी आहे म्हणत नाहीये. एचबी कमी असलं, थायरॉइड असलं, झोप पुरत नसली, ऐकायला कमी येत असलं, मनावर कसलं दडपण असलं तरी पोरं अशी हरवल्यासारखी दिसतात. पण सख्ख्या भावाला आहे म्हटल्यावर तिला असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्तच असते, म्हणून बघून घ्यायलाच हवं आणि तेही 'बघू' म्हणून नाही.

मुलाची पुढची अपॉइंटमेंट आहे ना, आज फोन करून तिच्यासाठी वेगळी वेळ माग. त्याच्या वेळेतली उरलेली पाच मिनिटं नकोत, तिची स्वतःची. खर्चाचं ओझं होत असेल तर मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार ओपीडी आहे, तिथे दाखव, पण दाखव. आपल्या विदर्भात शाळा उघडायला जून अखेर होते, त्याच्या आत हे झालं पाहिजे. आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस, १२ वर्षं वयाच्या आधीपासून लक्षणं होती का हे डॉक्टर विचारणारच, तर माळ्यावरून तिची दुसरी-तिसरी-चौथीची प्रगतीपुस्तकं काढ, शेरे वाच. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही' असं कुठे सापडलं तर खूण करून ठेव. जुन्या वह्या असतील तर त्याही घे, अर्धवट सुटलेली वाक्यं बोलतात.

तिला सांगताना 'तुझ्यात काहीतरी बिघाड आहे' असं नको सांगू. म्हण, तू एवढी मेहनत करतेस आणि तिचं चीज होत नाहीये, ते माझ्या लक्षात यायला उशीर झाला, आपण मिळून शोधू. रडेल बहुतेक. रडू दे, जवळ बस, आणि तेवढा वेळ पोट्ट्याला बापाकडे दे. आणि तो ट्यूबलाइट शब्द आजपासून घरात बंद, सासूबाईंपासून सगळ्यांना, मस्करीत सुद्धा नाही. ज्या शब्दाने १४ वर्षं हाक मारली त्यावर पोरीचा विश्वास बसलेला असतो.

तू थकलीस ते मला दिसतंय गं, पण त्या घरात तुझ्याइतकंच अजून एक जण थकलंय आणि ते गरीब आहे म्हणून कोणाला कळत नाहीये.

तुझं पत्र मी परत मोजत वाचलं. मुलाचं नाव अकरा वेळा आलंय, मुलीचं एकदाही नाही. डॉक्टरांकडून आलीस की मला लिही, आणि त्यात तिचं नाव लिही. मी छापणार नाही.