दिरांचं ऐकू नका, लेकीला आधी सांगा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यजमान ५२ वर्षांचे, तंबाखू-सुपारीच्या खर्र्यापायी तोंडाचा कॅन्सर, आणि आता डॉक्टर म्हणाले, "घरी न्या, त्रास कमी ठेवू." त्यांची पहिल्या लग्नाची मुलगी पुण्यात शेवटच्या वर्षाला. तुमचा पहिल्या लग्नाचा मुलगा आठवीत. घरात सासूबाई. दीर म्हणतात, परीक्षा होईपर्यंत पोरीला कळू द्यायचं नाही. ती तुमच्याशी धड बोलत नाही, त्यामुळे तुम्हालाही तेच सोपं वाटतंय. त्यात पहिल्या पत्नीनं निरोप पाठवलाय, भेटायला येऊ का म्हणून.

सहा वर्षांपूर्वी त्या पुण्यातल्या मुलीच्या जागी मी होते. म्हणून तिच्या बाजूनं लिहिते.

बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. घर नागपुरात, हुडकेश्वरला. त्यांचं दुसरं लग्न झालं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे, अजूनही मावशीच म्हणते. आमच्याकडेही काकाजींनी हेच ठरवलं होतं, मला इतक्यात सांगायचं नाही. मावशी त्यांना म्हणाली, "काऊन नाही सांगायचं? बाप तिचा आहे." आणि सकाळी मला फोन केला. "कुठं आहेस? बस जरा. बाबा आता बरे होणार नाहीत म्हणतात डॉक्टर. काही महिने आहेत. तुझ्यापासून मी लपवणार नाही." मी होस्टेलच्या जिन्यात बसून ते ऐकलं. त्या दिवसापासून घरची बातमी मी काकाजींना विचारली नाही, तिलाच विचारली.

तुमच्या बाबतीत घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बोलणं लवकर जाऊ शकतं. परीक्षा पुढच्या वेळेला देता येते. पण वडिलांच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचं राहून गेलं, तर ती ते तुमच्या नावावर मांडेल, दिरांच्या नाही. फोन तुम्हीच करा. जमलं तर शेवटी त्यांना दोन शब्द बोलू द्या.

ती आली की तिला काम द्या. हे मी जीव तोडून सांगते. मी घरी आले तेव्हा चहाची गाळणी कुठं असते तेही मला माहीत नव्हतं. पाहुण्यासारखी बाबांच्या पलंगापाशी उभी राहायचे. तिसऱ्या दिवशी मावशीनं औषधांची वही माझ्या हातात दिली. "रात्री दोनचा डोस तू पाहशील का?" वेदनेवरची मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी होती. पहाटे सहाचा तिचा, रात्री दोनचा माझा. मे महिना, कूलरचा आवाज, आणि बाबा जागे असले तर मी आणि ते. आमचं सगळं बोलणं त्या वेळेतलं आहे.

मॉर्फिनचं नाव निघालं की नातेवाईक घाबरतात. "सवय लागेल", "आता संपलंच म्हणायचं". कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत घेतलं तर ते व्यसन नसतं आणि त्यानं मरण लवकर येत नाही. दुखायला लागण्याची वाट न पाहता घड्याळ बघून द्यायचं. त्यानं बद्धकोष्ठता होतेच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. गिळता येत नसेल तर गोळीऐवजी काय, तेही आत्ताच विचारा. प्रत्येक दुकानात मॉर्फिन मिळत नाही. २०१४ मध्ये कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालंय. नागपूरच्या तुकडोजी किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे त्रास कमी ठेवण्याच्या उपचारांची, चौकशी करा. घरचं एक माणूस फाइल घेऊन गेलं तरी बोलणं सुरू होतं.

जखमेला वास येत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मेट्रोनिडाझोलची पूड जखमेवर लावायला देतात, वास खूप कमी होतो. वासामुळे मुलं खोलीत जायची थांबतात आणि त्यांना आयुष्यभर तेच खुपत राहतं, म्हणून हे किरकोळ समजू नका. गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल पलंगाजवळ ठेवा. रक्त आलंच तर पांढऱ्या कापडावर ते फार भयंकर दिसतं.

तुमच्या मुलालाही विसरू नका. त्याच्यासाठी हेच बाबा आहेत, पण लोक त्याला "तुझे खरे वडील थोडीच" असं ऐकवतील. आमच्याकडे मावशीचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. रोज संध्याकाळी बाबांना पेपरातलं क्रिकेट वाचून दाखवणं हे त्याचं काम होतं, ते दुसऱ्या कोणी करायचं नाही. यजमानांचं बोलणं बंद झालं तर पाटी-पेन्सिल त्याच्याकडे सोपवा.

पहिल्या पत्नीबद्दल आधी यजमानांना विचारा. ते हो म्हणाले तर येऊ द्या. माझी आई अमरावतीहून आली होती. मावशीनं तिला पाणी दिलं, खोलीत नेलं आणि स्वतः देवळात जाऊन आली. ते सोपं नव्हतं, हे तिनं मला फार नंतर सांगितलं. तुम्हाला देवळात जावंसं वाटलं नाही तर खोलीतच बसा, तोही तुमचा हक्क आहे.

आता कागद. हे त्यांची सही चालते आहे तोवरच करा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं त्यांच्या स्वकमाईत तुम्ही, त्यांची मुलगी आणि सासूबाई, तिघींचा सारखा वाटा. घटस्फोट झालेल्या पत्नीचा नाही. तुमच्या मुलाचाही नाही, त्यांनी त्याला कायदेशीर दत्तक घेतलं असेल तरच त्याला मिळेल. त्याला काही द्यायची त्यांची इच्छा असेल तर मृत्युपत्रात लिहावं लागेल. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत, ते ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ते शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा. आणि मुलीला ते मृत्युपत्र त्यांच्या हयातीतच वाचायला द्या. आमच्याकडे हे राहिलं. बँकेत नॉमिनी मावशी होती, मला वाटलं सगळं तिलाच गेलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे समजायला मला वर्ष लागलं. त्या वर्षात मी तिला जे बोलले ते आठवलं की अजून झोप उडते.

शेवटच्या दिवसांत खाणं-पाणी सुटतं. सासूबाई चमचा घेऊन मागे लागतील. बळजबरीनं भरवलं तर श्वासात जातं. त्यांच्या हातात ओला कापूस द्या, ओठ ओले करायला. घरीच गेले तर मृत्यूच्या कारणाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. जवळचे कोणते डॉक्टर रात्री येतील, ते आजच ठरवून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण घाटावर ती निघतेच: अग्नी कोण देणार? दीर पुतण्याचं नाव घेतील. यजमानांना विचारून ठेवा आणि ते म्हणतील ते सासूबाईंच्या देखत म्हणवून घ्या. आमच्या बाबांनी माझं आणि मावशीच्या मुलाचं, दोघांची नावं सांगितली होती. मानेवाडा घाटावर काकाजी पुढे झाले तेव्हा मावशी लोकांतून पुढे आली आणि म्हणाली, "त्यांनी सांगून ठेवलंय." मडकं माझ्या खांद्यावर होतं आणि बारा वर्षांच्या त्या पोरानं माझी ओढणी घट्ट धरली होती.

मुलीचा फोन झाला की इथे लिहा. रात्री उशिरा लिहिलंत तरी मी बघते.