स्टेशनपर्यंत सायकलने: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नेरुळला घरापासून स्टेशन 3 किलोमीटरवर आहे. रोज स्कूटर काढतो आणि ती लावायला जागा शोधत फिरतो. सायकल घेतली होती, पण एका पावसाळ्यात चेन गंजली, सायकल जड चालू लागली. आता ती जिन्याखाली पडून आहे. पुन्हा सुरू करावी का?

उत्तर: जरूर करा. 3 किलोमीटर म्हणजे सावकाश गेलात तरी 15 मिनिटं.

सायकल जड चालते तेव्हा आधी हवा बघा. चांगल्या ट्यूबमधूनही हवा हळूहळू कमी होतच असते, म्हणून दर 10 दिवसांनी भरा. किती भरायची तो आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. हवा कमी असताना खड्ड्याच्या काठावर चाक आपटलं, की रिम आणि टायरच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारीशेजारी दोन बारीक भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली, तर दोष हवेचा. भोक एकच असेल, तर काटा किंवा तारेचा तुकडा टायरमध्ये अजून रुतलेला असू शकतो. टायरच्या आतून कापड फिरवून तो काढा, नाहीतर नवी ट्यूबही त्याच दिवशी पंक्चर होईल.

आता चेन. वाकवून पाहा. कड्या ताठ राहत असतील, तर बदलाच. नुसती वरून तांबूस असेल, तर घासून पुसा, प्रत्येक रोलरवर (कड्यांमधल्या छोट्या फिरत्या नळीवर) सायकलच्या चेनच्या तेलाचा एकेक थेंब टाका, पेडल उलटं फिरवा आणि 10 मिनिटांनी वरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्या. हे पुसणंच बहुतेकांचं राहून जातं. मग त्या तेलावर धूळ बसते आणि चेन झिजते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. पावसात भिजून आलात, की त्याच संध्याकाळी चेन पुसून तेल द्या. खोबरेल तेल नको, ते चिकट होतं.

घामाचं म्हणाल, तर बॅग पाठीवर न घेता कॅरिअरला बांधा आणि हलक्या गिअरवर चला. पाम बीच रस्ता टाळा, तिथे गाड्या फार वेगात असतात. सेक्टरमधल्या आतल्या रस्त्यांनी थोडा वळसा पडला तरी चालेल. रिम ब्रेक असतील, तर ओल्या रिमवर ते उशिरा लागतात, पावसात आधीपासूनच दाबायला लागा.

प्रश्न: कोपरखैरणेतल्या आमच्या सोसायटीत सायकली ठेवायला जागाच नाही. काय करावं?

उत्तर: आधी बेवारस सायकली बाजूला काढा. प्रत्येक सायकलला चिठ्ठी बांधा, महिनाभराची मुदत द्या आणि नोटीस बोर्डावरही लावा. बहुतेक ठिकाणी अर्धी अडचण तिथेच सुटते. मग एका मोटारीची जागा मागा, तिथे 8 ते 10 सायकली सहज मावतात. नुसतं पुढचं चाक अडकवायचे स्टँड घेऊ नका. त्यात सायकल कलंडली की रिम वाकते, आणि कुलूपही फक्त चाकालाच लागतं. त्यापेक्षा उलट्या यू आकाराचे साधारण 75 सेंटिमीटर उंचीचे पाइप, एकमेकांपासून मीटरभर अंतरावर, जमिनीत काँक्रीट घालून पक्के करा. एका पाइपला दोन्ही बाजूंनी दोन सायकली लागतात. कुलूप फ्रेम आणि मागच्या चाकातून घ्यायचं. वर पत्रा हवाच, नाहीतर वरचा चेनचा सगळा खटाटोप वाया.