अमेरिकेत ग्रँड ज्युरीची (खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाची) निवडपद्धत सुधारायची तर सरकारी तिजोरीवर किती भार पडतो?

वाटतो त्यापेक्षा बराच कमी. टेक्ससचंच घ्या. तिथे न्यायाधीश काही कमिशनर नेमायचे आणि ते आपल्या ओळखीपाळखीतली माणसं ग्रँड ज्युरीसाठी सुचवायचे. 2015 च्या कायद्याने ही पद्धत बंद केली; आता चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक निवड होते. मतदार आणि वाहन परवानाधारकांच्या याद्या साध्या ज्युरीसाठी (खटला ऐकून निकाल देणाऱ्या) आधीपासून होत्याच, म्हणजे नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. वाढतो तो मुख्यतः समन्स पाठवण्याचा, आलेल्यांची छाननी करण्याचा आणि त्यांच्या भत्त्याचा खर्च.

खरा भुर्दंड जुन्याच पद्धतीचा असतो, आणि तो कोणी मोजत नाही. टेक्ससच्या हिडाल्गो काउंटीत मेक्सिकन वंशाचे लोक 1970 साली 79 टक्के होते, पण 11 वर्षांत ग्रँड ज्युरीसाठी बोलावलेल्यांत ते जेमतेम 39 टक्के. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून आरोपीच्या बाजूने निकाल दिला. कॅलिफोर्नियातल्या हिलरी नावाच्या आरोपीच्या खटल्यात तर 1962 ची खुनाची शिक्षा 1986 मध्ये रद्द ठरली, कारण आरोप ठेवणाऱ्या ग्रँड ज्युरीतून कृष्णवर्णीयांना वगळलं होतं. 24 वर्षांनी पुन्हा खटला! साक्षीदार शोधा, वकील नेमा, मृताच्या घरच्यांना पुन्हा त्या सगळ्यातून न्या.

माझ्या मते पैसे घालायचेच तर भत्त्यात घालावेत. फेडरल (केंद्रीय) न्यायालयाच्या ग्रँड ज्युरीतल्या सदस्याला दिवसाला 50 डॉलर मिळतात आणि काम महिनोन्‌महिने चालू शकतं. रोजंदारीवरच्या माणसाला ते कसं परवडणार? यादी कितीही निष्पक्ष काढली, तरी तो येऊच शकत नाही.