पेशीचं पटल गोठतं का थिजतं?

एका ताईंनी विचारलंय, मुलीचा अकरावीचा बायोलॉजीचा अभ्यास घेताना अडकल्यात. गारठ्यात पेशीपटलाची, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्याची, फ्लुइडिटी (रेणूंची सरकण्याची मोकळीक) कमी होते, तर पटल 'गोठतं' म्हणायचं का 'थिजतं'?

थिजतं. आम्ही साताऱ्याची माणसं, हिवाळ्यात पेपरात ठरलेली बातमी असते, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले. थिजले असं कुणी छापत नाही. आणि त्याच थंडीत न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली थिजते, ती गोठली असं आमची आई कधी म्हणाली नाही. पाणी गोठतं, रक्त गोठतं, तेल-तूप थिजतं. पटल म्हणजे मुळात मेदाचाच दुहेरी थर, मग शब्दपण तुपाचाच लागणार ना.

नुसता शब्दच नाही, आतली भानगडपण तीच. खोबरेल थिजतं तेव्हा शेजारचं शेंगतेल पातळच का राहतं? खोबरेलात बहुतेक मेदाम्लं संपृक्त, म्हणजे कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध नसलेली, त्यांच्या शेपट्या सरळसोट, कडब्याच्या पेंढीसारख्या अंगाला अंग लावून बसतात. शेंगतेलात असंपृक्त जास्त, त्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, आणि बाभळीच्या वाकड्या फांद्यांची मोळी कितीही आवळा, फटी राहतातच. पटलात हेच होतं. 16 कार्बनच्या दोन्ही शेपट्या संपृक्त असलेलं लेसिथिन (पटलातला एक मेद) घेतलं तर ते 41 अंशाखाली आलं की थिजतं, आणि 18 कार्बनच्या पण एकेक बाक असलेल्या शेपट्यांचं घेतलं तर शून्याच्या बरंच खाली जाईपर्यंत थिजत नाही, शेपटी लांब असूनसुद्धा! म्हणून तर ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू गारठ्यात वाढताना पटलात असंपृक्त मेदाम्लं वाढवतो.

खऱ्या पटलात मेद नाना तऱ्हेचे, त्यामुळं ते एका अंशाला खटकन थिजत नाही. तुपाचंही तसंच की, आधी कणी पडते, मधलं पातळच राहतं. आपल्या पेशीत वर कोलेस्टेरॉल असतं, ते उष्म्यात शेपट्यांची वळवळ आवरतं आणि गारठ्यात मध्ये घुसून त्यांना घट्ट बसू देत नाही.

फ्लुइडिटीला 'प्रवाहिता' मला पटत नाही, पटल काय कालव्यासारखं वाहत नाही, रेणू थरातल्या थरात सरकतात. 'तरलता' चालेल, जरी तरल म्हटलं की मला आधी कविताच आठवते.

आणि ऊब मिळाली की पटल 'विरघळतं' असं तेवढं लिहू देऊ नका. ते पातळ होतं. विरघळवायला साबण लागतो, तो वेगळा धडा.