स्कर्टिंगचा स्क्रू पाइपात गेला, आता भरायचं कोणी?

ताई, नमस्कार. तुमचा मेसेज दोनदा वाचला. जुळे सोलापूरच्या तुमच्या फ्लॅटमध्ये कॉन्ट्रॅक्टरनं चार इंची एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाची) स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायची पट्टी बसवली, बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीत ड्रिल मारताना कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेल्या पाइपला भोक पडलं, दीड महिन्यानं पट्टी खालून पापडासारखी फुगली, खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताच्या पीओपीवर डाग आला, ते 40 हजार मागतायत, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाइप कुठंय ते तुम्ही दाखवायचं होतं, आणि तुम्ही त्याचे उरलेले 6 हजार आणि ड्रिल मशीन दोन्ही अडकवून ठेवलंय.

आधी ते मशीन परत द्या. आजच. पैसे थांबवणं वेगळं, काम बिघडलं म्हणून बिलाचा वाद आहे एवढंच ते, दिवाणी मामला. पण दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवली की तो उद्या चौकीत उलटी तक्रार देणार आणि तुमची चांगली बाजू तिथंच वाकडी होणार. देताना फोटो काढा आणि "मशीन मिळालं" एवढं त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

दुसरं, पुरावा जाईल म्हणून पाइप अजून दुरुस्त केला नाही म्हणता, हे चुकतंय. करार कायदा 1872, कलम 73 प्रमाणं भरपाई मागताना, नुकसान आटोक्यात ठेवायला तुम्ही काय केलं हेही बघितलं जातं, त्यामुळं रोज वाढणारा डाग सगळा त्याच्या माथी मारता येणार नाही. प्लंबर बोलवा, काकांना आणि सेक्रेटरींना उभं करा, कॉन्ट्रॅक्टरला आदल्या दिवशी मेसेज टाका की उद्या अमुक वाजता पट्टी काढतोय, ये. नाही आला तर नाही. सलग व्हिडिओ घ्या, स्क्रू पाइपात असतानाच बाजूला टेप धरून फोटो, मग स्क्रू आणि पाइपचा कापलेला तुकडा पिशवीत ठेवा, प्लंबरकडून सहीनिशी चार ओळी लिहून घ्या. तो तुकडाच तुमची केस आहे. कारण "दीड महिना काही झालं नाही म्हणजे माझ्यामुळं नाही" असं तो म्हणणारच, आणि उत्तर असं की स्क्रूच भोकात बूच होऊन बसतो, लगेच फवारा उडत नाही, थेंब थेंब झिरपतं. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड आलं तरी गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर लाइनीत असतंच की.

आता तुम्ही अगदी शेवटी हळूच लिहिलंय ते, की "नुसत्या ॲडेसिव्हनं टिकत नाही, स्क्रू मार" असं तुम्हीच सांगितलं. लपवू नका. स्क्रू मार म्हणणं आणि बोट ठेवून इथंच मार म्हणणं यात फरक आहे. पलीकडं बाथरूम असलेल्या भिंतीत ड्रिल घालण्याआधी लाइन विचारणं हे कारागिराचं काम. बोट ठेवलं असेल तर मात्र भरपाईत थोडीफार कात्री लागू शकते, मला खरं काय ते सांगा.

काकांशी भांडू नका. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत (नियमावलीत) घरातल्या आतल्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाकडंच असते आणि काकांचा कॉन्ट्रॅक्टरशी काही व्यवहार नाही, त्यामुळं ते तुमच्याच दारात येणार. पण डाग पडलाय चार फुटांचा आणि मागतायत अख्ख्या हॉलचं पीओपी, असं नाही चालत, दोन ठिकाणची एस्टिमेट घ्या, पैसे बँकेतून द्या, पावती घ्या आणि ती रक्कम कॉन्ट्रॅक्टरच्या हिशोबात चढवा.

मग त्याला स्पीड पोस्टानं 15 दिवसांची नोटीस. ऐकलं नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली, मुदत 2 वर्षं, कामाची रक्कम 5 लाखांच्या आत असल्यामुळं फी काही नाही, वकील पण लागत नाही (वकील असून हे मीच सांगतोय बघा). पक्कं बिल नाही म्हणून घाबरू नका, तोंडी करार पण करारच असतो, यूपीआयची एंट्री आणि चॅट आहे ना, फक्त तो फोन विकू नका. कायद्यात निकालाला 3 महिने लिहिलेत, तेवढ्यात होईल असं धरून बसू नका. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

नोटिशीत त्याचे 6 हजार वजा करूनच आकडा टाकू. मशीनची पोच आली की मला फॉरवर्ड करा, मग मजकूर बघतो.