घंटा ऐकू न आलेली मुलगी

माशेल
मिरग लागून आठवा दिवस

प्रिय बाय,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो, कारण तू जे विचारलंयस त्याचं उत्तर मला घाईत द्यायचं नव्हतं. आज सकाळपासून पाऊस लागलाय, लाईट गेलेली आहे, पडवीत उजेड बरा आहे. आता लिहून होईल.

"मास्तर, सगळं बरं चाललंय, पण कशातच जीव रमत नाही," असं तू लिहिलंस. वेर्ण्याला चांगली नोकरी, घरी आईबाबा ठणठणीत. मग काय काय करून पाहिलंस तेही लिहिलंस: मोठ्यांसाठीचं रंगवायचं पुस्तक चार दिवस, पणजीत मातीकामाचा वर्ग तीन रविवार, युकुलेले दीड महिना. आणि शेवटी, "लहानपणी मी तासन्‌तास कशात तरी बुडून जायचे. ती मी कुठे गेली?"

ती मला शेवटची कुठे दिसली होती, ते मी सांगू शकतो.

तू तिसरीत होतीस. जुलैचे दिवस. शाळेच्या मागच्या अंगाला पागोळ्यांच्या पाण्याने एक चर पडला होता, तो कुंपणाखालून शेतात जायचा. मधल्या सुट्टीत तू तिथे उकिडवी बसलीस आणि बांध घालायला लागलीस. आधी चिऱ्याचे खडे रचलेस, पाणी फटींतून निघून गेलं. मग त्यावर लाल चिखल लिंपलास, तो विरघळून गेला. मग उठलीस, फणसाखालची पानं गोळा करून आणलीस, खड्यांच्या आतल्या अंगाला एकावर एक दाटीने लावलीस आणि वरून चिखल थापलास. पाणी थांबलं. तुंबत तुंबत बांधाच्या काठाला आलं, आता वरून ओसंडणार आणि सगळं घेऊन जाणार, तेवढ्यात तू करंगळीने बाजूला एक बारीक वाट काढून दिलीस. पाणी शहाण्यासारखं त्या वाटेने गेलं. घंटा झाली, पोरं वर्गात धावली. तुला ती ऐकूच आली नाही.

मी काय केलं, तेही तुला आठवत असेल. दंडाला धरून उठवलं आणि वर्गाबाहेर उभं केलं. तू व्हरांड्यात उभी राहून मान वळवून त्या चराकडेच बघत होतीस. त्या दिवसाचं मला आजही वाईट वाटतं. घंटा ऐकू येणार नाही इतकं मूल एखाद्या गोष्टीत बुडावं म्हणून आम्ही मास्तर जन्मभर धडपडतो. ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी तुला त्यातून उपटून काढलं.

आपल्या गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांची गोष्ट मला फार उशिरा कळली. जन्म 1926 चा, दमणचा, पण त्यांचं घर लोटलीचं. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे. आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली. त्या वहीला ते आपली डायरी म्हणत, आणि रोज काय पाहिलं ते तिच्यात रेखाटत. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नसलेला तो माणूस पुढे साऱ्या देशाला गोवा दाखवून गेला. पण मला त्यातली वहीच महत्त्वाची वाटते. त्या आईने मुलाचा हात थांबवला नाही, त्याला जागा दिली. तुझ्या त्या चरापाशी मी तेवढंच करायला हवं होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. "लहानपणी मला काय आवडायचं" असं तू स्वतःला विचारलंस आणि उत्तर म्हणून वस्तू आठवल्यास: रंग, माती, वाद्य. त्याऐवजी तुझे हात काय करायचे, ते आठव. तू रंगात कधी रमली नव्हतीस, हे मी वर्गात पाहिलंय. चित्रकलेच्या तासाला तुझं लक्ष खिडकीबाहेर असे. तुझा जीव जायचा तो वाहत्या गोष्टीला अडवण्यात आणि वळवण्यात. मुंग्यांच्या रांगेत काडी आडवी ठेवून त्या कुठून वळसा घेतात ते तूच बघत बसायचीस. प्रत्येक मुलाची अशी एक क्रिया असते. तुझ्याच वर्गात एक होता, चिंचोक्यांची रंगाप्रमाणे वर्गवारी करत बसणारा. दुसरी एक होती, टॉवेलचा पडदा करून जत्रेत पाहिलेलं नाटक सगळ्या पात्रांसकट एकटीच करून दाखवणारी. चिंचोके मागे पडतात, टॉवेल मागे पडतो. क्रिया आत बसून राहते आणि तिला काम मिळालं नाही की माणूस उगाच अस्वस्थ होतो. तुझी वाट बघणारी क्रिया मातीकामाच्या वर्गात नव्हती, म्हणून तू तिथून उठून आलीस. त्यात तुझी चिकाटी कमी पडली असं मुळीच समजू नकोस.

तुझी क्रिया तर या मातीतली आहे. एकदा जुव्याला नाहीतर दिवाडीला जा आणि खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांतले, बांध बघ. तू शाळेमागे केलंस तेच आपल्या पूर्वजांनी मोठं करून केलंय: चिखल, पेंढा, चिरे, आणि खाऱ्या पाण्याला बाहेर ठेवून मागे भातशेती. बांधात जिथे मानस असते तिथे उभी राहा. मानस म्हणजे पाण्याचं दार, लाकडी झडपांचं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच झडपा बंद होतात. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणसाने तिथे उभं राहायची गरज नाही. ते प्रत्यक्ष घडताना बघायचं तर भरती-ओहोटीची वेळ बघून जावं लागतं आणि काठावर बसून राहावं लागतं. झडप हलायच्या आधी पाणी दोन्ही बाजूंना क्षणभर सारखं होतं, अगदी निवांत. मग लाकूड करकरतं. मला वाटतं, करंगळीने वाट काढून देणाऱ्या मुलीला ते बघताना पायाखालचे दगड टोचतायत हे कळणार नाही.

दुसरी गोष्ट जरा लांबून सांगावी लागेल.

माझं गाव सत्तरीत. मी सहासात वर्षांचा असेन. पौषाचा महिना, थंडी, चांदणं, आणि मांडावर, म्हणजे खेळासाठी राखलेल्या अंगणात, बायकांचे धालो. बायका समोरासमोर दोन ओळी करून गाणी म्हणत पुढे जायच्या, मागे यायच्या. आम्ही पोरं आज्यांच्या मांडीवर अर्धवट झोपेत. शेवटच्या रात्री सोंगं असायची. त्या रात्री एक उंच पुरुष मांडावर आला, धोतर नेसलेला, डोक्याला मुंडासं, काजळाची जाड मिशी. तो सावकाराची नक्कल करत होता आणि बायका हसून हसून खाली बसत होत्या. मी आजीला विचारलं, हा कोण? आजी म्हणाली, "अरे, तुझी आई ती!"

माझी आई घरात मोठ्याने बोलत नसे. मी तिला खळखळून हसताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी रगड्यावर वाटण वाटत होती, आणि तिच्या वरच्या ओठावर काजळाची एक पुसट रेघ राहिली होती. ती रेघ मला अजून दिसते.

पुढे मोठेपणी माझ्या लक्षात आलं, आपल्याकडे मोठ्या माणसांच्या खेळायची सोय भाषेतच करून ठेवलीय. धालो खेळतात. शिगमो खेळतात. फुगडी खेळतात. चवथीला पन्नाशीच्या बायका पदर खोचून फुगडी घालतात तेव्हा त्यांना कुणी पोरकट म्हणत नाही. कारण त्याला जागा ठरलेली, दिवस ठरलेले. मांडाच्या आत आई सावकार होती. मांडाबाहेर पाऊल टाकलं की ती पुन्हा आमची आई. इतकी नीट आखलेली हद्द होती, म्हणूनच तिला आत इतकं मोकळं होता आलं.

तुझ्याकडे मांड नाही, बाय. तू ऑफिसातून आल्यावर, मोबाईल शेजारी ठेवून, स्वयंपाकघरातून आईची हाक येत असताना रंगवायला बसलीस. मातीचं भांडं केलंस ते फोटो काढून बहिणीला पाठवलंस, आणि ते वाकडं दिसतंय म्हणून पुढच्या रविवारी गेली नाहीस, असं तूच लिहिलंयस. हे वाचून मला कळवळून आलं. मांडावर फोटो काढणारं कुणी नव्हतं. आईची मिशी सरळ आली की वाकडी, हे कुणी तपासलं नाही.

म्हणून तुला मनापासून सांगतो, एक मांड आख. आठवड्यातला एक ठरलेला वेळ, तासभर पुरे, आणि एक ठरलेली जागा, शक्यतो घराबाहेरची. तिथे मोबाईल न्यायचा नाही. तिथे जे होईल ते घरी आणायचं नाही, दाखवायचं नाही, कुणाला सांगायचंही नाही. पहिले दोनतीन आठवडे काहीच होणार नाही. तू नुसती बसशील, चुळबुळशील, उगाच वेळ चाललाय असं वाटेल. तू तिसरीत असतानाही त्या चरापाशी आधी बराच वेळ नुसती बघतच होतीस. ते बघणं हाही खेळाचाच भाग, तो टाळून पुढे जाता येत नाही. खेळल्याने कामात डोकं चांगलं चालतं असं तुला कुणीतरी सांगेल. चालतही असेल. पण तेवढ्यासाठी खेळायला जाऊ नकोस, खेळाला त्या कामावर जुंपू नकोस.

तुझ्या भाच्याबरोबर खेळतेस, असं लिहिलंस. छान. फक्त त्याला शिकवू नकोस. त्याने तुला काय करायचं ते सांगावं आणि तू निमूट करावंस. तू झाड हो म्हणाला तर झाड हो. मोठी माणसं मुलांबरोबर खेळताना पाच मिनिटांत मास्तर होतात. मी चाळीस वर्षं तेच केलं आणि शाळा सुटल्यावर, नातवाच्या हाताखाली, हळूहळू विसरलो.

शरीर विसरू नकोस. पाऊस सुरू झालाय. समुद्रात मात्र आता सप्टेंबर सरेपर्यंत पाय घालू नकोस, पावसाळ्यातला समुद्र खेळायला घेत नाही. केसरव्हाळची झर तुझ्या वेर्ण्याहून जवळ आहे. माणसं गर्दी करतात, तू सकाळी लवकर जा. छत्री विसरून जा.

आणि एक गोष्ट, जी न लिहिता मला हे पत्र संपवता येणार नाही. झोप नीट लागत नसेल, अन्नाला चव लागत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललेलं असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. तसं काही तू लिहिलेलं नाहीस, पण माणसं सगळं लिहीत नाहीत. त्या दुखण्याला ओढ्याला, आपल्या व्हाळाला, बांध घालून पुरत नाही, औषधपाणी लागतं. त्यात लाज बाळगू नकोस. मला फोन कर, मी बरोबर येईन.

आषाढी एकादशी आता लांब नाही. द्वादशीला इथे देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो असतो. अंगाला तेल चोपडलेले बाप्ये त्या चिखलात लोळतात, कृष्णाचे खेळ म्हणून हुतूतू नि चेंडूफळी खेळतात. पांढऱ्या केसांचे, नातवंडं असलेले, आदल्या दिवशी देवळात गंभीरपणे टाळ वाजवणारे. ज्या देवळात देवकीच्या कडेवर बाळकृष्ण आहे, त्याच्या दारात हे शोभतंही. बायका मात्र काठावरून बघतात, आणि ते मला दरवर्षी खटकतं. मुलींचा खेळ आपण मुलांच्या आधी बंद करतो. परकर जाऊन ओढणी आली की उकिडवं बसून चिखलात हात घालणं संपतं. तुझ्या बाबतीतही तेच झालं असणार. तू माझ्या शाळेतून गेलीस तेव्हा तुझ्या नखांत माती असायची. पुढे हायस्कुलाच्या गणवेशात भेटलीस तेव्हा नखं स्वच्छ होती.

द्वादशीला ये. काठावरून का होईना, बघ. दुपारी आमच्याकडे जेव, तुझ्या काकींनी मुद्दाम सांगितलंय. येताना जुने कपडे आण. आमच्या पोरसात विहिरीच्या वरच्या अंगाला यंदा पहिल्याच पावसात नवा व्हाळ फुटलाय, हातभर रुंद, चांगला जोर आहे. अळवाच्या वाफ्यात घुसतोय. काकी रोज म्हणतात, त्याला वळवा. मी अजून हात लावलेला नाही. फणसाची पानं भरपूर पडलीत, आणि कुदळ पडवीत टेकवून ठेवलीय.

तुझे,
मास्तर